फॉर्ममधले तीन रकाने आणि बाबासाहेब

आमच्या हॉस्टेलची एक सीनियर ताई गेल्या वर्षी मास्टर्ससाठी लंडनला गेली. आम्ही सगळ्या तिला गेटपर्यंत सोडायला गेलो होतो, रेक्टर मॅडमसुद्धा आल्या होत्या. आठवड्याने तिचा फोन आला तेव्हा वाटलं, आता थेम्स नदी, डबलडेकर बस असं काहीतरी ऐकायला मिळणार. कसलं काय! बाईसाहेबांचं बँकेत खातंच उघडत नव्हतं. बँक म्हणे, आधी पत्त्याचा पुरावा आणा. घरमालक म्हणे, आधी इथल्या खात्यातून डिपॉझिट भरा, मग करारावर सही करतो. युनिव्हर्सिटीचं पत्र मिळालं असतं तर काम झालं असतं, पण त्या पत्रासाठीच ही मोठी रांग! त्यात पासपोर्टवर नाव एका पद्धतीने आणि अॅडमिशनच्या कागदावर दुसऱ्या. तीन आठवडे बिचारीने घरून नेलेल्या फॉरेक्स कार्डावर काढले. आम्ही टपरीवर चहाचे दहा रुपयेसुद्धा मोबाईलने देणाऱ्या मुली, आम्हाला हे ऐकून हसूही येत होतं आणि टेन्शनही.

बोलता बोलता ती म्हणाली की एका रविवारी कंटाळून ती किंग हेन्रीज रोडवरचं दहा नंबरचं घर बघून आली. बाबासाहेब शिकत असताना तिथे राहायचे. २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने ते घर विकत घेतलं.

आता खरं सांगते, मी कॉन्व्हेंटची. आमच्यासाठी बाबासाहेब म्हणजे हिस्टरीच्या पुस्तकातलं राज्यघटनेचं चॅप्टर. ते परदेशात शिकले हे माहीत होतं, पण तिथे जेवले कुठे, राहिले कुठे, पैसे कुठून आणले, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. म्हणून लायब्ररीतून त्यांचं जाडजूड चरित्र आणलं आणि सबमिशनच्या आठवड्यात सबमिशन सोडून तेच वाचत बसले. (सर, हे वाचत असाल तर माफ करा.) वाचताना लक्षात आलं की बँकेचा फॉर्म जे तीन प्रश्न विचारतो, ते तिन्ही बाबासाहेबांना आयुष्यभर विचारले गेले. नाव काय? पत्ता काय? पैसा कुठून आला?

रकाना पहिला : नाव

भीमराव रामजी आंबेडकर यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू इथे लष्करी छावणीत झाला. वडील रामजी सुभेदार होते आणि लष्कराच्या शाळेत शिकवायचे. आई भीमाबाई. भीमराव चौदावं अपत्य. घराण्याचं आडनाव सकपाळ, मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं आंबडवे. त्या गावावरून पुढे शाळेच्या दप्तरात आंबेडकर हे नाव लागलं. त्यांची जात महार, म्हणजे त्या काळच्या हिशोबाने अस्पृश्य. त्यामुळे नाव कुठलंही लावलं तरी लोक आधी जात विचारणार हे ठरलेलं. साताऱ्याच्या शाळेत त्यांना वेगळं बसावं लागायचं, आणि तहान लागली तर वरून पाणी ओतणारा कोणी असेल तरच पाणी.

मग कुटुंब मुंबईला आलं. परळच्या चाळीत दोन खोल्या होत्या. १९०७ साली भीमराव एल्फिन्स्टन हायस्कुलातून मॅट्रिक झाले. पुढे कॉलेजसाठी बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी महिना २५ रुपयांची मदत केली. बीए झाल्यावर १९१३ च्या जानेवारीत ते बडोदा संस्थानात नोकरीला लागले आणि २ फेब्रुवारीला वडील वारले.

त्याच वर्षी बडोदा सरकारने काही मुलांना अमेरिकेत शिकायला पाठवायचं ठरवलं. ४ जून १९१३ रोजी भीमरावांनी करारावर सही केली. शिष्यवृत्ती दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षं, आणि परत आल्यावर बडोद्याची दहा वर्षं नोकरी. आपल्याकडे प्लेसमेंटमध्ये दोन वर्षांचा बाँड म्हटला की मुलं ऑफर सोडून देतात. इथे दहा!

रकाना दुसरा : पत्ता

जुलै १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कला पोहोचले. कोलंबिया विद्यापीठाच्या हार्टली हॉल या हॉस्टेलात जागा मिळाली. नंतर ते लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये राहायला गेले. तिथे नवल भथेना नावाचा मुंबईचा पारशी मुलगा त्यांच्याबरोबर होता. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागेल.

वय बावीस. आयुष्यात पहिल्यांदाच असं झालं की खोली मागताना कोणी जात विचारली नाही, मेसमध्ये टेबल वेगळं लावलं नाही. आपल्याला हॉस्टेलची खोली म्हणजे गळका नळ आणि चोरीला जाणारी बादली. त्यांच्यासाठी त्या खोलीची किंमत काय असेल, याचा विचार मी आमच्या खोलीत बसून करत होते.

साडेअकरा पौंड म्हणजे तेव्हाच्या भावाने साधारण ५६ डॉलर. त्यातून खाणंपिणं, कपडे, पुस्तकं, आणि वर घरी रमाबाईंना पैसे पाठवायचे. म्हणून इतर खर्च बंद आणि दिवसाचे तासन्‌तास लायब्ररीत. चैन एकच, जुन्या पुस्तकांच्या दुकानात जाऊन पुस्तकं घेणं. १९१५ मध्ये ते एमए झाले, १९१६ मध्ये भारतातल्या जातींवर त्यांनी निबंध वाचला, आणि त्याच वर्षी पुढच्या पदवीसाठी भारताच्या राष्ट्रीय उत्पन्नावर प्रबंध दिला. शिकवायला सेलिग्मन आणि जॉन ड्यूई यांच्यासारखी माणसं.

तिथून लंडन. ऑक्टोबर १९१६ मध्ये त्यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्राला आणि ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीला नाव घातलं. पण १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि अभ्यास अर्धा टाकून परतावं लागलं. चार वर्षांत परत येऊन पुरा करायची परवानगी तेवढी मिळाली. पहिलं महायुद्ध चालू होतं. ते स्वतः एका बोटीने निघाले, सामान दुसऱ्या बोटीने. सामानाची बोट जर्मन पाणबुडीने बुडवली. पुस्तकं गेली, कागद गेले. थॉमस कुक कंपनीकडून सामानाची नुकसानभरपाई मिळाली, त्यातले काही पैसे घरी ठेवून उरलेल्यात बडोद्याला जायची सोय झाली. करार होता ना, नोकरी तर करायलाच हवी.

आता इथे थांबून विचार करा. कोलंबियाचा एमए, लंडनचा विद्यार्थी, बडोदा सरकारचा मोठा अधिकारी. आणि बडोद्यात त्यांना राहायला खोली मिळेना. हिंदू हॉटेलात जात लपवल्याशिवाय प्रवेश नाही. शेवटी एका पारशी धर्मशाळेत गेले. ती फक्त पारशांसाठी होती. तिथल्या रखवालदाराने वहीत पारशी नाव लिहायच्या अटीवर वरची खोली दिली. भाडं दिवसाला दीड रुपया. म्हणजे न्यूयॉर्क आणि लंडनमध्ये स्वतःच्या नावावर खोली मिळाली, आणि ज्या संस्थानाच्या पैशावर ते शिकले त्याच्याच राजधानीत खोटं नाव लावावं लागलं.

ते अकरा दिवस टिकलं. अकराव्या दिवशी सकाळी ते ऑफिसला निघत असताना हातात काठ्या घेतलेले डझनभर पारशी जिना चढून वर आले. संध्याकाळपर्यंत खोली खाली करा, नाहीतर बघून घेऊ, असा दम देऊन गेले. बाबासाहेबांनी दोन मित्रांकडे आसरा मागितला. एक हिंदू, एक ख्रिश्चन. दोघांनीही काहीतरी कारण सांगून टाळलं. रात्री नऊची मुंबईची गाडी होती. तोपर्यंतचे पाच तास ते कामाठी बागेत बसून राहिले. शिक्षणाच्या बदल्यात द्यायची दहा वर्षं तिथेच संपली.

ताईची गोष्ट ऐकताना आम्ही हसलो होतो. हा प्रसंग वाचल्यावर खोलीत कोणी बोललं नाही. परदेशातल्या बँकेला पत्ता लागतो कारण तिला आपण माहीत नसतो. इथे तर सगळ्यांना सगळं माहीत होतं, म्हणूनच पत्ता मिळाला नाही.

रकाना तिसरा : पैसा कुठून आला?

मुंबईला परत येऊन त्यांनी शिकवण्या वगैरे करून दिवस काढले. नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून नोकरी लागली, पगार महिना ४५० रुपये. त्या काळी हा पगार भरपूर होता. पण कुटुंब त्याच परळच्या चाळीत राहिलं. रमाबाई मोजक्या पैशांत घर चालवायच्या आणि उरलेला पैसा लंडनसाठी शिल्लक पडायचा. आपण बाबासाहेबांच्या डिग्र्या मोजतो. त्या डिग्र्यांची फी कोणाच्या स्वयंपाकघरातून वाचली, हे मात्र कोणी मोजत नाही.

जुलै १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला निघाले. या वेळी शिष्यवृत्ती नाही. स्वतःची शिल्लक, कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत, आणि पाच हजार रुपये उसने. उसने देणारा कोण? लिव्हिंग्स्टन हॉलमधला तोच नवल भथेना. ज्या समाजाच्या लोकांनी काठ्या घेऊन खोलीबाहेर काढलं, त्याच समाजातला हा मित्र. हॉस्टेलमध्ये झालेल्या मैत्रीला काय किंमत असते ते यावरून कळतं. (माझ्या रूममेटने हे वाचून मला आठवण करून दिली की मी तिचे दीडशे रुपये देणं लागते.)

आता थोडं गणित, आपण इंजिनीअर आहोत. महायुद्धाच्या आधी एक रुपया म्हणजे १ शिलिंग ४ पेन्स, म्हणजे एका पौंडाला १५ रुपये. युद्धात चांदी महाग झाली. रुपया चांदीचा, म्हणून त्याचा भावही चढत गेला. १९२० च्या सुरुवातीला तो दोन शिलिंगांच्याही वर होता. सरकारने ठरवलं की तो दोन शिलिंगांवर बांधायचा, म्हणजे पौंडाला १० रुपये. पण बाजाराने ऐकलं नाही. चांदी उतरली, भारताची निर्यात मंदावली आणि रुपया घसरायला लागला. सरकारने भाव धरून ठेवायला महिनोन्‌महिने लंडनवरच्या हुंड्या विकल्या, त्यात प्रचंड पैसा घातला आणि सप्टेंबर १९२० मध्ये हात टेकले. १९२१ मध्ये रुपया १ शिलिंग ४ पेन्सच्याही खाली गेला.

याचा विद्यार्थ्याला अर्थ काय? पौंडाला १० रुपये असताना ५००० रुपयांचे ५०० पौंड होतात. पौंडाला १५ झाले की त्याच ५००० चे ३३३. मुंबईत कोणी एक पैसाही चोरला नाही, तरी लंडनमध्ये वर्षाच्या खर्चातला तिसरा हिस्सा गायब! एज्युकेशन लोन घेऊन बाहेर गेलेल्या मुलांना हे वेगळं सांगायला नको. डॉलर दोन रुपयांनी वर गेला की इकडे बाबा कॅल्क्युलेटर काढतात.

लंडनमध्ये बाबासाहेबांचे दिवस असे गेले. घरमालकीण कडक. सकाळी पावाचा तुकडा, थोडा मासा आणि चहा. दुपारचं जेवण बहुतेक नाहीच. बसचे पैसे वाचवायला पायी. ब्रिटिश म्युझियमच्या लायब्ररीत सकाळी पहिल्यांदा आत आणि संध्याकाळी शेवटी बाहेर. रात्री भूक लागली की ओळखीच्या माणसाने दिलेले पापड भाजायचे आणि पुन्हा वाचायला बसायचं. आपण मेसच्या भाजीवर संप करतो, हे मी लिहायला नको होतं, पण लिहून गेले.

तरी पैसे पुरेनात. भथेनांना पुन्हा पत्रं गेली. १९२१ मध्ये त्यांनी लंडनहून शाहू महाराजांना पत्र लिहिलं. हुंडणावळीचा भाव विरुद्ध गेल्यामुळे अडचण झाली आहे, शंभर पौंड कायद्याच्या शिक्षणाच्या फीसाठी आणि शंभर परतीच्या प्रवासासाठी हवेत, कर्ज म्हणून द्या, परत आल्यावर व्याजासकट फेडतो, असा त्याचा मतलब. तीस वर्षांचा, एका कॉलेजात प्राध्यापक राहिलेला माणूस हे पत्र लिहितोय. ते लिहायला किती वेळ लागला असेल कोण जाणे.

पण गंमत पुढे आहे. आपल्यासारख्याने रुपयाला शिव्या घातल्या असत्या आणि गप्प बसला असता. बाबासाहेबांनी रुपया हाच अभ्यासाचा विषय घेतला. १९२१ मध्ये एमएस्सी झाल्यावर त्यांनी डीएस्सीसाठी जो प्रबंध लिहिला त्याचं नाव ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’. त्यांचं म्हणणं सोप्या भाषेत असं. रुपया किती काढायचा हे सरकारच्या मर्जीवर सोडलं आहे, तेच सगळ्या गोंधळाचं मूळ आहे. सरकार लंडनमधला भाव धरून ठेवायला धडपडतं, पण गरिबाला फरक पडतो तो इथल्या बाजारात रुपयाला काय मिळतं याचा. म्हणून टांकसाळीतून नवे रुपये पाडणं बंद करा, त्याला कायद्याने मर्यादा घाला. तेव्हा केन्ससारखा मोठा अर्थशास्त्रज्ञ चालू पद्धतीच्या बाजूने होता. तरी हा भारतातला विद्यार्थी त्याच्याविरुद्ध आकडे मांडून उभा राहिला.

परीक्षकांनी प्रबंध दुरुस्त करून आणायला सांगितला. (रिपीट सबमिशन त्यांनाही चुकलं नाही!) पण लंडनमध्ये थांबायला पैसे नव्हते. एप्रिल १९२३ मध्ये ते मुंबईला परतले, इथे बसून प्रबंध पुन्हा लिहिला आणि लंडनला पाठवला. वर्षअखेर डीएस्सी मिळाली आणि पुस्तकही लंडनमध्ये प्रसिद्ध झालं. त्यांचे गुरू एडविन कॅनन यांना त्यातली बरीच मतं पटली नव्हती, तरी प्रस्तावना त्यांनीच लिहिली. पुस्तक आईवडिलांच्या स्मृतीला अर्पण केलं आहे. बॅरिस्टर होऊन आले खरे, पण हायकोर्टाच्या सनदेसाठी पैसे नव्हते. ते कोणी दिले? ओळखलंत. भथेनांनीच.

डिसेंबर १९२५ मध्ये भारताच्या चलनाचा विचार करणाऱ्या हिल्टन यंग आयोगापुढे बाबासाहेबांनी साक्ष दिली. याच आयोगाने देशाला मध्यवर्ती बँक हवी अशी शिफारस केली आणि १ एप्रिल १९३५ पासून रिझर्व्ह बँक सुरू झाली. ती बँक एकट्या बाबासाहेबांच्या पुस्तकातून निघाली असं आपल्याकडे कधीकधी म्हणतात. मला वाटतं एवढं ताणायची गरज नाही. पावावर राहून रुपयाचा अभ्यास केलेला माणूस त्या आयोगाला सांगायला गेला की रुपयाचं दुखणं कुठे आहे, एवढं पुरेसं मोठं आहे.

पुढचं आयुष्य आपल्याला पुस्तकातून माहीत आहे. १९२७ चा महाडचा सत्याग्रह, गोलमेज परिषदा, राज्यघटना, १९५६ मध्ये नागपूरची दीक्षा आणि त्याच वर्षी ६ डिसेंबरला दिल्लीत निधन. रमाबाई त्याच्या कितीतरी आधी, २७ मे १९३५ रोजी गेल्या. पुस्तकात कमी येणारी गोष्ट ही की स्वतःच्या हातात सत्ता आल्यावर तिसरा रकाना ते विसरले नाहीत. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना त्यांनी अनुसूचित जातींच्या मुलांसाठी सरकारी शिष्यवृत्त्या मिळवल्या. त्यातून काही मुलं परदेशातही गेली. १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढलं. आज आपल्या राज्य सरकारची परदेशी शिक्षणासाठी शिष्यवृत्ती आहे, तिचं नाव राजर्षी शाहू महाराज. ज्यांना एकेकाळी लंडनहून संकोचाने पत्र लिहावं लागलं, त्यांच्याच नावाने आता रीतसर अर्ज करता येतो. संकोच नाही, व्याज नाही.

ताईचं खातं शेवटी उघडलं. युनिव्हर्सिटीच्या पत्रावर, स्वतःच्या नावावर, स्वतःच्या पत्त्यावर. पहिल्या दिवशी तिने कार्डाचा फोटो आमच्या ग्रुपवर टाकला तेव्हा आम्ही पार्टी मागितली. मला मात्र कामाठी बागेतले ते पाच तास आठवले.

आपल्यापैकी बरेच जण वर्ष-दोन वर्षांत बाहेर जातील. बँकेच्या रांगेत उभं राहून तोच फॉर्म भरतील आणि वैतागतील. वैतागायला हरकत नाही, मीही वैतागेन. पण त्याच वेळी आपल्या गावात, आपल्या कॉलेजच्या मागच्या गल्लीत, कोणी भाड्याने खोली शोधत असेल आणि आडनाव ऐकून त्याला नाही म्हटलं जात असेल, तर तिथे आपण कोण असू? बडोद्यातल्या त्या दोन मित्रांसारखे, की नवल भथेनांसारखे? मी अजून ठरवलेलं नाही असं म्हणणं सोपं आहे. पण वेळ आल्यावर ठरवायला पाच मिनिटंसुद्धा मिळत नाहीत, हे चरित्र वाचून कळलं.

मराठीच्या चुका पोटात घाला. आणि हो, रूममेटचे दीडशे रुपये मी परत केले आहेत.

(तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी, मुलींचे वसतिगृह)